पालवी पाहून खत

मृगाचा पहिला पाऊस झाला की रोपवाटिकांसमोर गाड्या लागतात. कुणी हापूसचं कलम घेतं, कुणी कागदी लिंबू, कुणी कालीपत्ती चिकू. घरी आल्यावर काळी पिशवी फाडून कलम कुंडीत बसवलं जातं आणि त्याच संध्याकाळी, त्याच मातीच्या हातांनी, मूठभर खत बुंध्याशी पडतं. झाडाला चांगली सुरुवात मिळावी एवढाच त्यामागचा हेतू असतो. पण नव्याने कुंडीत आलेल्या कलमाचं जास्तीत जास्त नुकसान या पहिल्या मुठीनेच होतं. म्हणून खत किती घालावं याच्या आधी ते कधी घालू नये हे सांगतो.

पिशवीतून काढताना कितीही जपलं तरी तंतुमुळं तुटतात, आणि पाणी व अन्न शोषण्याचं काम तर त्यांचंच. रासायनिक खत म्हणजे शेवटी क्षार. मातीतल्या पाण्यात क्षार वाढले की मुळांना ते पाणी ओढून घेणं जड जातं. प्रमाण फारच वाढलं, तर कैरीच्या फोडींना मीठ चोळल्यावर पाणी सुटतं तसं मुळांतलंच पाणी बाहेर पडू लागतं. मग माती ओली असूनही झाड मलूल दिसतं, पानांचे शेंडे करपतात, आणि आपण ते तहानलेलं समजून आणखी पाणी घालत राहतो. कलम लावल्यावर पहिले चार ते सहा आठवडे काहीही घालू नका. कुंडीच्या मातीत चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत मिसळलेलं असेल, तर तेवढ्यावर त्याचं व्यवस्थित भागतं. कोकणातल्या रोपवाटिकांत तयार होणारं आंब्याचं कोय कलम तर अगदी सुरुवातीला कोयीतल्याच साठ्यावर वाढलेलं असतं. त्याला पहिल्या दिवशी गरज असते ती सावलीची, आधाराच्या काठीची आणि बेताच्या पाण्याची.

जमिनीतल्या झाडाचा आणि कुंडीतल्या झाडाचा खताचा हिशेब वेगळा का, हे एकदा नीट समजून घेतलं की पुढचं सोपं होतं. जमिनीतलं मूळ अन्न संपलं की पुढे सरकतं. कुंडीतल्या मुळाला पुढे जायला जागाच नाही. रंगाच्या वीस लिटरच्या बादलीत लावलेलं लिंबू वर्षभर त्याच वीस लिटर मातीवर जगतं. त्यात आपण रोज पाणी घालतो, ते खालच्या भोकांतून निघतं आणि जाताना विरघळलेलं नत्र घेऊन जातं. पालाशही बऱ्यापैकी वाहतं. स्फुरद मात्र मातीला धरून बसतं. म्हणजे कुंडीत नत्र सतत कमी पडतं आणि दर वेळी सगळी खतं सारखी घातली तर स्फुरद साचत जातं. कृषी विद्यापीठांच्या शिफारशीत झाडामागे इतके ग्रॅम युरिया, इतकं सुपर फॉस्फेट असं लिहिलेलं असतं. ते आकडे जमिनीतल्या झाडासाठी, वर्षातून दोन-तीन हप्त्यांत द्यायचे असतात. त्यांना बारांनी भागून ते कुंडीत घालायचे नसतात. कुंडीतल्या झाडाला थोडं थोडं, पण वरचेवर लागतं, आणि तेही ते वाढीला लागलेलं असतानाच.

वाढीला लागलंय हे ओळखायचं कसं? आंब्याचं कलम सतत वाढत नाही, ते टप्प्याटप्प्याने पालवतं. शेंड्याचा डोळा आधी फुगतो, टोकदार होतो, मग एकदम तांबूस, मऊ, लोंबती पानं बाहेर पडतात. ती फिकट हिरवी होतात, मग गडद आणि कडक. त्यानंतर झाड काही आठवडे गप्प बसतं. खत द्यायची वेळ म्हणजे डोळा फुगायला लागला तेव्हा, आणि दुसऱ्यांदा पानं हिरवी होत आली तेव्हा. गप्प बसलेल्या झाडाला ‘हलवण्यासाठी’ खत देऊ नका. त्या दिवसांत दिलेलं नत्र एकतर वाहून जातं किंवा क्षार म्हणून साचतं. आणि ती तांबूस पालवी पाहून ‘लोह कमी पडलंय’ असं समजून फवारण्या करणारेही भेटतात. आंब्याची नवी पालवी त्याच रंगाची असते. लिंबू, पेरू, कढीपत्ता यांचं वाढणं यापेक्षा सलग असतं, तरी नियम तोच. शेंड्याला नवी पानं दिसली तर खत.

झाड बरेच दिवस थांबलेलं असेल तर वर काही घालण्याआधी खाली पाहा. माती किंचित ओली असताना कुंडी आडवी करा, कडेने हलके ठोका आणि मातीचा गड्डा अलगद बाहेर सरकवा. मुळांची टोकं पांढरी, टणक असतील तर झाड धडधाकट आहे, थोडं थांबा. मुळं तपकिरी, बुळबुळीत असतील आणि मातीला कुबट वास येत असेल, तर पाणी साचून मुळं सडलेली आहेत. अशा झाडाला खत म्हणजे शिक्षाच. भोकं मोकळी करा, माती बदला. आणि मुळांनी गड्ड्याभोवती गोल गोल वेटोळं घातलेलं दिसलं, माती जवळजवळ उरलेलीच नसली, तर प्रश्न कुंडीच्या आकाराचा आहे. बाहेरची वेटोळी कापून मोठ्या कुंडीत हलवणं हाच त्यावर इलाज. खताने ती अडचण फक्त पुढे ढकलली जाते.

आता प्रमाण. विद्राव्य खतांपैकी १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश प्रत्येकी १९ टक्के) हे कुठल्याही कृषी सेवा केंद्रात मिळतं. एक लिटर पाण्याला एक ग्रॅम, यापेक्षा जास्त कुंडीतल्या लहान झाडाला देऊ नका. पाकिटावर पाच ग्रॅम लिहिलेलं असलं तरी ते बहुधा शेतातल्या फवारणीसाठी असतं. चहाचा सपाट चमचा साधारण पाच ग्रॅमचा धरला, तर पाच लिटरच्या बादलीला एक चमचा झाला. या पाण्यात लिटरमागे १९० मिलिग्रॅम नत्र असतं आणि वाढत्या रोपासाठी ते भरपूर आहे. वीस लिटरच्या कुंडीला दर पंधरा दिवसांनी असं दोन लिटर पाणी पुरतं. आधी साधं पाणी घालून माती ओली करून घ्यायची, मग खताचं पाणी. कोरड्या मातीत खत घातलं की पहिला चटका मुळांनाच बसतो.

मात्र एकट्या १९:१९:१९ वर वर्षानुवर्षं राहू नका. झाडांना स्फुरद नत्राच्या मानाने पुष्कळ कमी लागतं आणि या खतात ते नत्राइतकंच आहे. यावर सोपा उपाय म्हणजे एका पंधरवड्याला १९:१९:१९, पुढच्याला कॅल्शियम नायट्रेट, तेही लिटरला एक ग्रॅमच. कॅल्शियम नायट्रेटमध्ये साडेपंधरा टक्के नत्र असतं. दोन्ही पाळ्या मिळून नत्र स्फुरदाच्या जवळजवळ दुप्पट पडतं आणि नव्या पालवीला कॅल्शियमही मिळतं. फक्त ही दोन खतं एकाच बादलीत कालवू नका. कॅल्शियम आणि स्फुरद एकत्र आले की पाणी गढूळ होतं, तळाला साका बसतो आणि दोन्ही वाया जातात. मॅग्नेशियम सल्फेटही कॅल्शियम नायट्रेटमध्ये मिसळायचं नाही, कारण तिथेही साका बसतो.

पाण्यातून खत देणं जमत नसेल तर दाणेदार खत चालतं. १५:१५:१५ चा एक सपाट चमचा महिन्यातून एकदा, वीस लिटरच्या कुंडीत, बुंध्यापासून दूर कडेच्या मातीत पसरून हलकं खुरपून घ्या. दर पंधरा दिवसांनी दिलेल्या पातळ खताइतकंच, म्हणजे महिन्याला पाऊण ग्रॅमच्या आसपास नत्र यातून मिळतं. तोच पाच ग्रॅमचा हिशेब युरियात केला तर नत्र तिप्पट होतं, आणि सगळं एकदम. म्हणून लहान कुंडीत युरिया वापरू नये असं माझं स्पष्ट मत आहे. त्याची चूक पाहायला आठवडाही लागत नाही. म्युरेट ऑफ पोटॅशही टाळा. त्यातल्या क्लोराइडने आंब्याच्या पानांच्या कडा करपतात. पालाश हवंच असेल तर सल्फेट ऑफ पोटॅश, म्हणजे ०:०:५०, घ्या.

वेष्टन असलेले, सावकाश सुटणारे दाणे आता शहरांतल्या दुकानांत मिळतात. ते चांगले आहेत. पण त्यांच्यावर लिहिलेला तीन किंवा सहा महिन्यांचा काळ बहुधा २१ अंश तापमानाला मोजलेला असतो. नागपूर-जळगावच्या गच्चीवर मे महिन्यात कुंडीतली माती याच्या दुप्पट तापते आणि दाणे भराभर मोकळे होतात. पाकिटावरच्या प्रमाणाच्या निम्मे घाला, आणि तेही उन्हाळा संपल्यावर.

सेंद्रिय खतांकडे वळायचं तर कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोलकरांचं नाव घ्यायलाच हवं. ‘प्रयोग परिवारा’तून त्यांनी पालापाचोळा आणि सेंद्रिय कचरा कुजवून त्यातच झाडं वाढवण्याची गोडी अनेकांना लावली. कुंडीतल्या झाडासाठी सगळ्यात भरवशाची जोडी म्हणजे गांडूळखत आणि निंबोळी पेंड. दर दोन महिन्यांनी दोन ओंजळी गांडूळखत आणि मूठभर पेंड, वरच्या दोन इंच मातीत मिसळून. मिसळून हा शब्द महत्त्वाचा. पेंड नुसती वर टाकली तर तिच्यावर पांढरी बुरशी धरते आणि लोक घाबरून ती काढून टाकतात. ती बुरशी पेंड कुजवण्याचंच काम करत असते. मातीत मिसळली की दिसत नाही आणि कामही लवकर होतं.

शेंगदाण्याच्या पेंडीत नत्र निंबोळीपेक्षा जास्त असतं. पण ती कोरडी घातली तर मुंग्या, उंदीर, घुशी हमखास येतात. शंभर ग्रॅम पेंड लिटरभर पाण्यात तीन-चार दिवस भिजवा, रोज ढवळा, मग गाळून दहापट पाण्यात पातळ करून द्या. वास उग्र येतो, तेव्हा इमारतीत राहत असाल तर संध्याकाळी सगळ्यांच्या खिडक्या उघड्या असताना हे करू नका. घरात कुत्रा असेल तर एरंडी पेंड आणूच नका. वासाने कुत्री ती खातात आणि तिच्यातलं विष जिवावर बेततं.

जीवामृत मातीतल्या जिवाणूंसाठी उपयोगी आहे, दहापट पातळ करून महिन्यातून एकदा जरूर द्यावं. पण कुंडीत झपाट्याने वाढणारं झाड एकट्या जीवामृतावर पोसलं जात नाही. केळीच्या सालीचं पाणी, तांदळाचं धुवण, अंड्याची टरफलं यांत हानी नाही, पण त्यांना खत म्हणून मोजू नका. अंड्याची टरफलं तर कुजायलाच फार काळ घेतात. चहाचा चोथा घालायचा तर साखर-दूध धुऊन, आणि कुजवून. कढीपत्त्याला ताक घालण्याची पद्धत घरोघरी आहे. ताकात थोडं नत्र आणि कॅल्शियम असतं, त्यामुळे पाण्यासारखं पातळ केलेलं ताक अधूनमधून द्यायला हरकत नाही. मीठ घातलेलं मात्र कधीही नको.

राखेबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण तिथे गाव बदललं की सल्ला बदलतो. राखेत पालाश असतं, पण ती मातीला अल्कधर्मी करते. कोकणातल्या जांभ्याच्या लाल, आम्ल मातीत चिमूटभर राख फायद्याची ठरते. देशावर, मराठवाड्यात, विदर्भात काळ्या, चुनखडीच्या मातीत ती घातली तर आधीच असलेला दोष वाढतो. हा दोष म्हणजे लोह अडकून बसणं. याचं सर्वांत जास्त दर्शन होतं ते कुंडीतल्या लिंबात.

एप्रिल-मे महिन्यांत पुण्याच्या उपनगरांतल्या गच्च्यांवर हे दृश्य हमखास दिसतं. लिंबाची शेंड्याकडची पानं पिवळी, पण शिरा हिरव्यागार, अगदी जाळी काढल्यासारख्या स्पष्ट. खालची जुनी पानं मात्र ठीक. मालक नत्र कमी पडलं समजून युरिया घालतात आणि पानं आणखी पिवळी पडतात. कारण पाण्यात असतं. धरणाचं मऊ पाणी कमी पडू लागलं की टँकर येतो, आणि टँकरचं पाणी बहुधा बोअरचं, जड. त्यातल्या बायकार्बोनेटमुळे कुंडीतल्या मातीचा सामू (पीएच) महिन्या-दोन महिन्यांत चढतो, आणि चढलेल्या सामूत लोह असून नसल्यासारखं होतं.

पिवळेपणा पाहून खत ठरवताना पहिला प्रश्न नेहमी हा विचारा: वरची पानं की खालची? नत्र, पालाश, मॅग्नेशियम ही द्रव्यं झाड जुन्या पानांतून काढून नव्यांना देऊ शकतं, म्हणून त्यांची कमतरता आधी खाली दिसते. नत्राची असेल तर जुनं पान सगळंच फिकट पडतं. पालाशाची असेल तर कडा करपतात. मॅग्नेशियमची असेल तर लिंबाच्या पानाच्या देठाकडे हिरवा त्रिकोण उरतो आणि बाकीचं पिवळं होतं. लोह आणि जस्त झाडाला हलवता येत नाहीत, त्यामुळे ती कमी पडली की नवी पानं बोलतात. जस्त कमी असेल तर नवी पानं बारीक, अरुंद आणि ठिपकेदार होतात.

लोहासाठी हिराकस मातीत घालण्याचा उपाय जुना आहे, पण चुनखडीच्या मातीत ते लगेच अडकतं. बाजारात चिलेटेड लोह मिळतं, त्यातही दोन प्रकार आहेत. ईडीटीए प्रकारचं फवारणीला ठीक, पण जास्त सामूच्या मातीत टिकत नाही. अशा मातीत ईडीडीएचए प्रकारचंच मागा. महाग असतं, पण कुंडीला चिमूटभरच लागतं. मॅग्नेशियम कमी असेल तर मॅग्नेशियम सल्फेटची पाच ग्रॅम प्रति लिटर फवारणी सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर करावी. आणि या सगळ्यापेक्षा चांगला, फुकटचा उपाय म्हणजे पावसाचं पाणी. जूनमध्ये पन्हळीखाली पिंप ठेवा, आणि लिंबाच्या कुंड्या पहिल्या जोरदार सरींत उघड्यावर राहू द्या. उन्हाळाभर साचलेले क्षार धुऊन निघतात.

क्षार साचलेत की नाही हे कुंडीच्या कडेला आणि मातीच्या वर आलेल्या पांढऱ्या पापुद्र्यावरून कळतं. मातीच्या कुंडीला तो बाहेरूनही दिसतो. पापुद्रा खरवडून फेकून द्या आणि कुंडीच्या मापाच्या दुप्पट पाणी हळूहळू, थांबून थांबून सोडा. खाली ताटली असेल तर ती काढून ठेवा, नाहीतर निघालेले क्षार परत वर ओढले जातात. नारळाच्या काथ्याचा भुसा, म्हणजे कोकोपीट, वापरत असाल तर लावण्यापूर्वीच तो दोन-तीन पाण्यांतून धुवा. न धुतलेल्या भुशात क्षार असतात.

पाऊस धुतो तसा उपाशीही ठेवतो. कोकणात आणि घाटमाथ्यावर आषाढ-श्रावणात कुंडीतलं नत्र टिकतच नाही. तिथे संततधारेत पातळ खत देणं म्हणजे ते गटारात ओतणं आहे. उघडीप मिळाली की अर्ध्या प्रमाणात द्या, किंवा पेंड आणि गांडूळखतावर भर द्या. पाऊस ओसरला, हस्त संपत आला की पुन्हा नेहमीचं प्रमाण. मात्र फुलावर येण्याइतक्या मोठ्या आंब्याला ऑक्टोबरपासून नत्र बंद करा, नाहीतर मोहोराऐवजी पालवी येते. डिसेंबर-जानेवारीत कढीपत्ता पानं गाळून उघडा पडतो, चिकू-आंबा मंद होतात. त्या दिवसांत बादली बाजूला ठेवा. फेब्रुवारीत ऊब वाढली की डोळे फुगतात आणि पुढचे दोन महिने खताचे सर्वांत फलदायी असतात. मे महिन्यात निम्मं करा, आणि जिथे दुपारी कुंडी हाताला चटका देते तिथे पूर्ण थांबवा.

दोन गोष्टी खताच्या नाहीत, पण खत कुणाला मिळतं हे त्यांवर ठरतं. कलमाच्या जोडाखालून, खुंटातून फुटवे येतात. ते जोमदार असतात, पानं वेगळी दिसतात आणि पाहता पाहता तेच झाड होऊन बसतात. दर पंधरवड्याला, खत देण्याआधी, जोडाखाली बोट फिरवून कोवळा फुटवा खुडून टाका. दुसरी गोष्ट फुलांची. लिंबाला, पेरूला पहिल्याच वर्षी फुलं येतात आणि खुडायला जीव होत नाही. तरी पहिली दोन वर्षं खुडा. बोटाएवढ्या जाडीच्या खोडावर फळं पोसताना मुळांची आणि फांद्यांची वाढ खुंटते, आणि ती उणीव कुठलंही खत भरून काढत नाही.

काही जण कलम वर्ष-दोन वर्षं कुंडीत वाढवून मग गावाकडच्या जमिनीत लावतात. त्यांनी लावणीच्या आधी महिनाभर नत्र थांबवावं. भरपूर नत्रावर वाढलेली मऊ, लुसलुशीत पालवी वाऱ्या-उन्हात टिकत नाही आणि किडीही तिच्यावरच आधी येतात. कुंडी हळूहळू पूर्ण उन्हात सरकवा, शेवटची पालवी कडक आणि गडद झाली की कलम न्या. खड्ड्यात कुजलेलं शेणखत मातीत मिसळून भरा, पण युरिया किंवा दाणेदार खत मुळांशी घालू नका. जमिनीत पहिली पालवी फुटेपर्यंत, म्हणजे साधारण सहा आठवडे, तिथेही पहिल्या दिवसाचाच नियम पाळायचा. त्यानंतर बुंध्यापासून वीतभर अंतरावर चर काढून पहिला हप्ता द्यायचा, आणि तेव्हापासून विद्यापीठाच्या शिफारशीतले आकडे त्या झाडाला लागू होतात.